ॲस्बेस्टस व्यवसाय व फुप्फुसविकार

ॲस्बेस्टस या तंतुमय खनिजाची धूळ दीर्घकाळ श्वासाबरोबर आत गेल्यामुळे होणाऱ्या विकारांस ॲस्बेस्टसजन्य फुप्फुसविकार म्हणतात. फुप्फुसातील ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) व्रणासारखी तंतुमयता निर्माण करून श्वसनक्षमता कायमची घटविणारा ॲस्बेस्टोसिस हा त्यांतील प्रमुख विकार होय. परिफुप्फुस (फुप्फुसाभोवतीचे दुपदरी आवरण) जाड होणे, फुप्फुसाचा कर्करोग आणि परिफुप्फुसाचा मेसोथेलिओमा हा विरळ पण मारक कर्करोग यांचाही त्यांत समावेश होतो. हे सर्व विकार मुख्यतः व्यावसायिक, म्हणजे विशिष्ट कामामुळे जडणारे आहेत. कामाचे ठिकाण सुधारले, तर ते टाळता येतात. एकदा जडल्यावर मात्र बरे करता येत नाहीत.

धुळीशी पहिला संपर्क आणि लक्षणांचा उद्भव यांत बहुधा १५ ते ४० वर्षे जातात, हे या विकारांचे मोठे वैशिष्ट्य आहे. रोग उघड होतो, तेव्हा कामगार पुष्कळदा निवृत्त होऊन गावी परतलेला असतो. कारखान्याचे नाव वा मालकी बदललेली असते. कामगाराने कोठे, कोणत्या खात्यात आणि किती वर्षे काम केले, याची नोंद उपलब्ध नसेल, तर रोगाचे कारणही सापडत नाही आणि भरपाईही मिळत नाही. महाराष्ट्रातील या उद्योगाचा इतिहास मुख्यतः मुंबईच्या मुलुंड व घाटकोपर या उपनगरांशी निगडित आहे. त्याचे परिणाम ओळखण्याची जबाबदारी मात्र बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या, कारखान्यांपासून दूर असलेल्या तालुक्याच्या गावातील वैद्यावरही येऊ शकते.

खनिज व उपयोग : ॲस्बेस्टस हे एकच खनिज नसून तंतुमय सिलिकेटांच्या एका गटाचे व्यापारी नाव आहे. सर्पेंटाइन वर्गातील क्रायसोटाइल (पांढरे ॲस्बेस्टस) आणि अँफिबोल वर्गातील क्रॉसिडोलाइट (निळे), ॲमोसाइट (तपकिरी), ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट व ॲक्टिनोलाइट असे त्याचे सहा प्रकार मानले जातात. हे तंतू जळत नाहीत, उष्णतेचे मंद वाहक आहेत, ओढ सहन करतात आणि कापसाप्रमाणे पिंजून, कातून विणताही येतात. या गुणांमुळे बाष्पित्रे व वाफेचे नळ यांवरील वेष्टने, अग्निरोधक कापड व दोर, यंत्रांच्या सांध्यांतील गॅस्केटे, गतिरोधकांची (ब्रेकची) व क्लचची अस्तरे आणि सिमेंटमध्ये मिसळून केलेले छपराचे पत्रे व नळ यांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

भारतात राजस्थान, आंध्र प्रदेश व झारखंड या प्रदेशांत त्याच्या खाणी होत्या; १९८६ पासून नवे खाणपट्टे देणे थांबविण्यात आले. त्यानंतर रशिया, कझाकस्तान, ब्राझील इ. देशांतून आयात होणाऱ्या क्रायसोटाइलावर हा उद्योग प्रामुख्याने चालला. त्यातील बहुतेक भाग ॲस्बेस्टस-सिमेंटचे पत्रे तयार करण्यात खर्ची पडतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या पत्र्याला केवळ ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. त्यामुळे त्यातील तंतूचा उल्लेख नावातूनच वगळला गेला आहे आणि पत्रा कापणारा गवंडी वा सुतार आपण ॲस्बेस्टसचे काम करतो, असे सहसा सांगत नाही.

रोगाची ओळख : औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमध्ये ॲस्बेस्टसचे कापड विणणाऱ्या गिरण्या निघाल्या. १८९८ मध्ये तेथील कारखाने निरीक्षक ल्यूसी डीन यांनी ॲस्बेस्टसच्या धुळीचे कण काचेसारखे तीक्ष्ण असून ते कामगारांना अपायकारक ठरत असल्याचे आपल्या अहवालात नमूद केले. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात माँटेग्यू मरी या वैद्यांकडे ३३ वर्षे वयाचा एक कामगार धाप लागण्याच्या तक्रारीवरून आला. आपल्या पिंजण खात्यातील दहा जणांपैकी आपण एकटेच हयात आहोत, असे त्याने सांगितले. १९०० मध्ये त्याचा मृत्यू झाला व शवपरीक्षेत फुप्फुसांत तंतुमयता आढळली. मरी यांनी १९०६ मध्ये सरकारी समितीपुढे ही हकिगत सांगितली. परंतु त्यावरून कोणतीही कारवाई झाली नाही.

लँकाशरमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्स या कंपनीच्या कारखान्यात काम केलेल्या नेली केर्शा ही स्त्री १९२४ मध्ये वयाच्या तिशीतच मरण पावली. तिच्या फुप्फुसांची परीक्षा करून डब्ल्यू. ई. कुक या विकृतिवैज्ञानिकांनी त्याच वर्षी निबंध प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये या रोगास ‘ॲस्बेस्टोसिस’ हे नाव दिले. त्यानंतर मेरेवेदर व प्राइस या सरकारी अधिकाऱ्यांनी ॲस्बेस्टस कापड उद्योगातील ३६३ कामगारांची तपासणी केली. त्यांपैकी ९५ जणांच्या, म्हणजे सु. २६ टक्क्यांच्या फुप्फुसांत तंतुमयता आढळली. वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांमध्ये हे प्रमाण सु. चार पंचमांश होते. १९३० मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टस उद्योगासाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. यंत्रांवर धूळ शोषून घेणारे पंखे बसविणे व कामगारांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करणे या नियमांनी बंधनकारक केले. मात्र ते मुख्यतः कापड विभागापुरतेच राहिले.

कर्करोगाशी असलेला संबंध याहून उशिरा सिद्ध झाला. रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये दीर्घकाळ काम केलेल्या ॲस्बेस्टस कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून बरेच अधिक असल्याचे दाखविले. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील निळ्या ॲस्बेस्टसच्या खाणींच्या परिसरात मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण आढळल्याचे वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी काहींनी खाणीत कधीच काम केलेले नव्हते. ते केवळ त्या परिसरात राहत असत. ॲस्बेस्टसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग निर्माण करतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे.

महाराष्ट्रातील उद्योग : टर्नर ब्रदर्स व अन्य काही कंपन्या १९२० मध्ये एकत्र येऊन टर्नर अँड न्यूऑल ही कंपनी स्थापन झाली होती. ब्रिटनमधील नियम झाल्यानंतर तीनच वर्षांनी, १९३४ मध्ये, या कंपनीने ॲस्बेस्टस सिमेंट लि. या नावाने भारतात उत्पादनास प्रारंभ केला. मध्य प्रदेशातील कैमूर येथे पहिला कारखाना निघाला व पुढे मुंबईत मुलुंड येथे पत्र्यांचे उत्पादन होऊ लागले. हीच कंपनी नंतर एव्हरेस्ट या नावाने परिचित झाली. स्वातंत्र्योत्तर काळात घाटकोपर येथे याच समूहाशी संबंधित हिंदुस्थान फेरोडो या कंपनीचा कारखाना उभा राहिला. तेथे गतिरोधकांची व क्लचची अस्तरे, ॲस्बेस्टसचे सूत, कापड इ. माल तयार होई. पुढे या कंपनीचे नाव हिंदुस्थान कॉम्पोझिट्स असे झाले.

या कालक्रमाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. ॲस्बेस्टसची यंत्रे व कृती इंग्लंडहून मुंबईस आली, तेव्हा त्या धुळीचा परिणाम इंग्लंडमध्ये शासकीय अहवालात नोंदला गेला होता व त्यावर कायदाही झाला होता. म्हणजे येथे रोग अज्ञात म्हणून आला नाही. द्रव्य व तंत्र आले, पण त्यांबरोबर आवश्यक असलेली सावधगिरी त्याच गतीने आली नाही.

सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यापेक्षा ॲस्बेस्टसच्या सुताचा व कापडाचा विभाग अधिक धोक्याचा असतो. पत्र्यांच्या उत्पादनात तंतू पाण्यात व सिमेंटमध्ये मिसळला जातो. कोरड्या गोण्या फोडून रिकाम्या करणे आणि तयार माल कापणे, घासणे ही कामे धुळीची असतात. सुताच्या खात्यात मात्र पिंजण, कातण व विणकाम या सर्व क्रिया कोरड्या तंतूवर होतात. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना सरकीच्या व कापसाच्या धुळीमुळे होणारा दमा (बिसिनोसिस) परिचित होता. कापसाच्या धुळीचा त्रास सुरुवातीच्या काळात सुटीनंतर कामावर आल्यावर विशेष जाणवतो आणि कामापासून दूर राहिल्यास कमी होतो. ॲस्बेस्टसचा तंतू प्रथम काहीच त्रास देत नाही आणि काम सोडल्यावरही फुप्फुसातच राहतो. या फरकामुळे कामगाराला व पुष्कळदा त्याच्या वैद्यालाही त्याचा संशय येत नाही.

कारखान्याबाहेरही संपर्क येतो. गोद्यांतील जहाजदुरुस्ती, मुंबईतील दारूखाना येथील जहाजे मोडण्याचे काम, वाहनदुरुस्तीच्या गॅरेजमध्ये ब्रेकचे लायनर घासणे व ड्रम हवेने झटकणे, तसेच औष्णिक वीजकेंद्रांतील बाष्पित्रांची जुनी वेष्टने काढणे ही त्याची उदाहरणे होत. विसाव्या शतकाच्या मध्यास वाफेच्या नळांवर ॲस्बेस्टसचे वेष्टन घालण्याचा प्रघात सार्वत्रिक होता. अशा केंद्रांत देखभालीचे काम केलेल्या व्यक्तीस धाप लागत असेल, तर या संपर्काची चौकशी करणे आवश्यक ठरते. फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका मोडण्यासाठी गुजरातमधील अलंग येथे येत असता तिच्यातील ॲस्बेस्टसवरून वाद झाला व फेब्रुवारी २००६ मध्ये ती परत बोलावण्यात आली. या प्रसंगाने जहाजे मोडणाऱ्या कामगारांच्या धोक्याकडे लोकांचे लक्ष वेधले गेले.

फुप्फुसांवरील परिणाम : श्वासातील जाड कण नाक व श्वासनलिकांतील श्लेष्म्यात अडकून बाहेर टाकले जातात. ॲस्बेस्टसचा तंतू लांब असला, तरी अतिशय बारीक असतो. त्यामुळे तो हवेच्या प्रवाहाला समांतर राहून सूक्ष्म श्वासनलिकांच्या टोकापर्यंत व वायुकोशांत पोहोचतो. तेथील भक्षक कोशिका त्याला गिळण्याचा प्रयत्न करतात. परंतु लांब तंतू एका कोशिकेत मावत नाही. या निष्फळ प्रयत्नात कोशिकांतून दाहकारक द्रव्ये बाहेर पडतात व आजूबाजूच्या ऊतकात तंतुजनन सुरू होते. काही तंतूंवर लोहयुक्त प्रथिनाचे आवरण चढून दोन्ही टोकांस फुगीर अशी सोनेरी-तपकिरी कांडी तयार होते. अशा कांड्यांस ‘ॲस्बेस्टस पिंड’ म्हणतात. शवपरीक्षेत वा ऊतकपरीक्षेत ते आढळणे हा संपर्काचा पुरावा मानतात.

तंतुमयता प्रथम श्वासनलिकांच्या सूक्ष्म टोकांभोवती व फुप्फुसांच्या खालच्या भागात सुरू होते आणि हळूहळू वर पसरते. मऊ स्पंजासारखे फुप्फुस ताठर व आकसलेले होते. रुग्णाला प्रथम चढ चढताना वा ओझे उचलताना धाप लागते. पुढे सपाट रस्त्यावर चालताना आणि अखेरीस बसल्या जागीही लागते. कोरडा खोकला येतो. पाठीच्या खालच्या भागावर श्रवणयंत्र ठेवले असता श्वास आत घेताना बारीक करकर ऐकू येते. काही रुग्णांच्या बोटांची टोके गदेसारखी फुगतात. रोग वाढल्यास हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडून ती निकामी होऊ शकते. काम सोडल्यावरही हा विकार वाढत राहू शकतो. तंतुमयता नाहीशी करणारे औषध नाही.

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत ॲस्बेस्टस व धूम्रपान यांचा परिणाम परस्परांस वाढविणारा असतो. अमेरिकेतील वेष्टन कामगारांवरील १९७९ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात, दोहोंपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका केवळ ॲस्बेस्टसमुळे सु. ५ पट, केवळ धूम्रपानामुळे सु. ११ पट, तर दोन्ही असल्यास ५० पटींहून अधिक आढळला. म्हणून विडी वा सिगारेट सोडणे हा ॲस्बेस्टस कामगारासाठी उपलब्ध असलेला खरोखर उपयुक्त उपाय आहे. मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध आढळत नाही.

श्वसनक्षमतेचे मापन : फुप्फुसांत मावणारी हवा मोजण्याचे उपकरण जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये वर्णन केले. आधुनिक श्वसनमापकात (स्पायरोमीटरमध्ये) रुग्ण पूर्ण श्वास घेऊन तो जोराने बाहेर टाकतो. बाहेर पडलेल्या एकूण हवेस बलपूर्वक श्वसनधारिता म्हणतात आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा वेगळी मोजतात. दम्यासारख्या अवरोधक विकारांत श्वासनलिका अरुंद झाल्याने पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो. ॲस्बेस्टोसिस हा संकोचक विकार आहे : फुप्फुस नीट प्रसरण पावत नसल्याने एकूण हवाच कमी होते, पण ती बाहेर पडण्याचा वेग तिच्या प्रमाणात टिकून असतो. म्हणून दोहोंचे गुणोत्तर प्राकृत वा किंचित अधिक राहते. केवळ गुणोत्तर पाहून ‘अडथळा नाही’ असा शेरा दिल्यास रोगी निरोगी ठरतो.

वायुकोशांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड हुंगवून मोजतात. ती पुष्कळदा लवकर घटते. श्रमानंतर रक्तातील ऑक्सिजन कमी होतो का, हेही पाहतात. क्ष-किरण चित्रातील छायांचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठरविलेल्या प्रमाण चित्रांशी तुलना करून करतात.

मापनाचा अर्थ लावण्यासाठी प्राकृत मूल्य ठाऊक असावे लागते. ते वय, उंची व लिंग यांप्रमाणे बदलते. भारतीयांची मूल्ये यूरोपीय लोकांच्या मूल्यांहून सामान्यतः कमी आढळतात. यूरोपीय कोष्टके जशीच्या तशी वापरली तर निरोगी भारतीय रोगी ठरू शकतो, आणि सरसकट सूट दिली तर रोगी निरोगी ठरू शकतो. या दृष्टीने मुंबईतील वैद्यांचे कार्य महत्त्वाचे आहे. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये भारतीयांसाठी श्वसनक्षमतेची प्रमाणे प्रसिद्ध केली आणि १९८० च्या दशकात फारुख उदवाडिया व सहकाऱ्यांनी या कार्यात भर घातली.

तरीही समाजाच्या सरासरीहून त्या व्यक्तीचे स्वतःचे पूर्वीचे मापन अधिक मोलाचे असते. समजा, एखाद्या कामगाराची अपेक्षित श्वसनधारिता ३·२ लिटर असून निवृत्तीच्या वेळी ती २·४ लिटर भरली, तर ती अपेक्षित मूल्याच्या ७५ टक्के आहे. मधल्या काळात वयोमानाने होणारी घट जमेस धरूनही त्याची स्वतःची क्षमता ३·६ लिटर असावयास हवी होती, असे नोकरीच्या प्रारंभीच्या नोंदीवरून दिसले, तर तूट एक चतुर्थांश नसून एक तृतीयांश ठरते. नोकरीच्या प्रारंभी घेतलेली एक फुंकर व तिची जपून ठेवलेली नोंद यांचे महत्त्व यावरून कळते.

मुंबईतील पाहण्या : अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने (स्थापना १९६६) अहमदाबाद, हैदराबाद, कोईमतूर व मुंबई येथील ॲस्बेस्टस-सिमेंट कारखान्यांच्या पाहणीत ॲस्बेस्टोसिसचे प्रमाण ३ ते ५ टक्के असल्याचे नोंदविले. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था असून व्यावसायिक आरोग्याच्या प्रशिक्षणाचे कार्य ती करते.

घाटकोपरच्या हिंदुस्थान कॉम्पोझिट्स कारखान्यातील कायम कामगारांची पाहणी मुंबईतील व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्राशी संबंधित वैद्य व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २३२ कामगारांपैकी १८१ जण तपासणीस आले व त्यांपैकी ४१ जणांत, म्हणजे सु. २३ टक्क्यांत, ॲस्बेस्टोसिस आढळला. मेरेवेदर व प्राइस यांच्या १९३० च्या अहवालातील २६ टक्के या आकड्याशी हे प्रमाण ताडून पाहिले, तर मधल्या पाऊण शतकातील प्रगतीविषयी विचार करावा लागतो. दोन्ही पाहण्यांतील पद्धती व कामगारांचे वय भिन्न असल्याने हे आकडे काटेकोरपणे तुलनीय नाहीत, हे खरे. तरीही दोहोंतील अंतर अल्प आहे.

याच निबंधात भारतातील ॲस्बेस्टसशी संबंध आलेल्या कामगारांची संख्या सु. एक लाख धरली असून त्यांपैकी भरपाई मिळालेल्यांची संख्या ३० हून कमी असल्याचे म्हटले आहे. व्यावसायिक फुप्फुसविकारांच्या निदानाचे वैद्यांना प्रशिक्षण नसणे आणि ॲस्बेस्टोसिसला जीर्ण श्वासनलिकादाह वा क्षयरोग ठरविणे ही त्याची कारणे लेखकांनी दिली आहेत. क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या देशात खोकला, धाप व क्ष-किरण चित्रातील छाया यांवरून क्षयाचा संशय प्रथम येणे स्वाभाविक आहे. परंतु क्षयाच्या छाया बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात व ॲस्बेस्टोसिसच्या खालच्या भागात असतात. ॲस्बेस्टोसिसमध्ये ताप नसतो, थुंकीत क्षयजंतू सापडत नाहीत आणि क्षयाच्या औषधांनी गुण येत नाही.

कायदा व न्यायनिर्णय : कारखाने अधिनियम, १९४८ याच्या तिसऱ्या परिशिष्टात ॲस्बेस्टोसिसचा अधिसूचनीय रोगांत समावेश होता. असा रोगी आढळल्यास कळविण्याचे बंधन कारखान्याच्या व्यवस्थापकावर व उपचार करणाऱ्या वैद्यावरही होते. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ यांखाली हा विकार भरपाईस पात्र होता. या अधिनियमांतील तरतुदी पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत आणि सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्रित करण्यात आल्या. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या.

अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने १९८६ मध्ये केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निर्णय या विषयात मूलभूत मानला जातो. कामगाराचे आरोग्य राखण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले. प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे अथवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवावी. तंतू मोजण्यासाठी पटल-गाळणी पद्धत वापरावी. सर्व कामगारांचा आरोग्य विमा उतरवावा आणि रोगग्रस्त ठरलेल्या कामगारास एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश त्यात होते. ॲस्बेस्टसवर संपूर्ण बंदी घालावी, असा दुसरा अर्ज न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. मात्र १९९५ चे आदेश पाळले जावेत, असे केंद्र व राज्य शासनांस बजावले.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८६ मध्ये ॲस्बेस्टसविषयक संकेत (क्र. १६२) संमत केला, भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. आइसलँडने १९८३ मध्ये, ब्रिटनने १९९९ मध्ये, यूरोपीय संघाने २००५ मध्ये व एकेकाळच्या मोठ्या उत्पादक कॅनडाने २०१८ मध्ये ॲस्बेस्टसवर बंदी घातली. भारतात क्रायसोटाइलाचा वापर कायद्याने अनुज्ञेय राहिला आहे. योग्य नियंत्रणाखाली तो निर्धोक असतो, असे उद्योगाचे म्हणणे आहे. कर्करोगाच्या बाबतीत निर्धोक अशी किमान मर्यादा आढळलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

हवेतील तंतूंची अनुज्ञेय मर्यादा प्रति घ. सेंमी. तंतूंत व्यक्त करतात. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ती ५ होती. ती टप्प्याटप्प्याने उतरवून १९९४ मध्ये ०·१ करण्यात आली. या आकड्यांचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होतो. आठ तासांच्या पाळीत कामगार सु. १० घ. मी. हवा श्वासावाटे घेतो. ही हवा १ कोटी घ. सेंमी. होते. म्हणजे प्रति घ. सेंमी. एक तंतू ही मर्यादा काटेकोरपणे पाळली, तरी एका पाळीत सु. १ कोटी तंतू श्वासात येतात. त्यांपैकी पुष्कळ बाहेर टाकले जातात, काही राहतात.

ग्रामीण भागातील प्रश्न : बीड–परळी मार्गावरील वडवणी येथे ॲस्बेस्टसचा मोठा उद्योग नाही. बीड जिल्हा ऊसतोडणीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतरासाठी प्रसिद्ध आहे. मुंबई, पुणे इ. शहरांकडे कायम वा दीर्घकालीन नोकरीसाठीही येथून लोक गेले आहेत. अशा भागात ॲस्बेस्टसचा प्रश्न दोन प्रकारांनी येतो. पहिला, घरे, गोठे व शाळा यांवरील सिमेंटच्या पत्र्यांचा. अखंड पत्र्यातील तंतू सिमेंटमध्ये बद्ध असतो व अशा छपराखाली राहणाऱ्याने भयभीत होण्याचे कारण नाही. पत्रा कोरडा असताना करवतीने कापणे, त्यास भोके पाडणे, घासणे किंवा जुना पत्रा फोडून भराव म्हणून टाकणे यांमुळे मात्र तंतू मोकळा होतो. पत्रा कापावाच लागला तर तो ओला करून, उघड्यावर व हातकरवतीने कापावा. भुगा ओलाच गोळा करावा. झाडू मारू नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत.

दुसरा प्रश्न शहरातील नोकरी संपवून गावी परतलेल्यांचा आहे. साठीतील गृहस्थ धाप लागते म्हणून गावच्या दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या कागदावर व्यवसाय ‘शेती’ असाच लिहिला जातो. तो खोटाही नसतो. तीस वर्षांपूर्वी तो कोणत्या कारखान्यात होता, हे कोणी विचारले नाही तर त्याच्या फुप्फुसांचा इतिहास अपूर्ण राहतो. त्याच्या पत्नीने ते कपडे वर्षानुवर्षे झटकून धुतले असतील, तर तिचाही धुळीशी संबंध आलेला असतो. संशय आल्यास श्वसनमापन व क्ष-किरण चित्रण करवून व्यावसायिक रोगांच्या जाणकार वैद्याकडे पाठविणे, नोकरीची जुनी ओळखपत्रे, वेतनचिठ्ठ्या व विमाक्रमांक जपून ठेवण्यास सांगणे आणि धूम्रपान सोडविणे, एवढे साध्या दवाखान्यातही होऊ शकते.

इटलीतील पाद्वा येथील बेर्नार्दीनो रामात्सीनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णास विचारावयाच्या नेहमीच्या प्रश्नांत ‘तू कोणता धंदा करतोस’ या प्रश्नाची भर घालावी, असा त्याचा आग्रह होता. ॲस्बेस्टसच्या बाबतीत हा प्रश्न भूतकाळातही विचारावा लागतो. ज्या कारखान्यांत हा माल तयार होत असे, त्यांपैकी काही बंद पडले वा अन्य मालाकडे वळले. तेथे काम केलेल्यांच्या फुप्फुसांतील तंतू मात्र तसेच आहेत. त्यांची नोंद शोधणे आणि जी आहे ती न्यायालयाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपणे, हा या इतिहासाचा अद्याप पूर्ण न झालेला भाग होय.

पहा : औद्योगिक वैद्यक, कारखानेविषयक कायदे, क्षयरोग, फुप्फुस, श्वसन तंत्र, सिमेंट.